तेराचा पाढा

पहिला फोन आला तेव्हा मी बाजारात होतो,
एका हातात बांगड्यांची पिशवी, दुसऱ्यात छत्री.
"काका, गीझरची ज्योत पिवळी येतेय."
पाणी तापतंय ना?
"तापतंय."
मग झालं तर.

फोंड्याला, कुर्टीच्या चढावर, माझा एक फ्लॅट.
दुसरा मजला. खोली, स्वयंपाकघर, न्हाणी.
दोघी राहतात: चंदगडची गौतमी तुपारे,
खानापूरची नसीमा.
कुंडईच्या औषध-कारखान्यात गोळ्यांची पाकिटं तपासतात,
एखादी गोळी फुटकी निघाली तर अख्खा डबा परत.
भाडं साडेआठ हजार, पाच तारखेला, न चुकता.

करार अकरा महिन्यांचा. अकरावं कलम
मीच सांगून घातलेलं:
'गॅस, शेगडी, गीझर सुस्थितीत मिळाले.
पुढील जबाबदारी राहणाऱ्याची.'
कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाने मान वर केली होती,
"सुस्थितीत, म्हणजे पाहिलं कोणी?"
मी म्हटलं, तू लिही रे.

दुसरा फोन चवथीच्या तोंडावर.
माटोळीची कवंडळं मिळत नव्हती, नारळ उतरवायचे होते.
चवथ होऊ दे, म्हटलं.
तिसरा फोन आला नाही.
मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू,
बरंच वाटलं.

मग दिवाळीच्या आधी खालच्या मजल्यावरची प्रिश्का
चर्चमधून येताना भेटली. हसत होती.
"तुझ्या त्या पोरी रे, रोज सकाळी न्हाताना
मोठमोठ्याने पाढे म्हणतात. शाळेत जातात काय अजून?"

मीही हसलो.
आणि पाच तारखेची वाट न बघता, का कोण जाणे,
सकाळी सातला जिना चढलो.

न्हाणीचं दार टीचभर उघडं, फटीला ओढणी लावलेली.
आतून पाण्याचा आवाज आणि
तेरा पंचे पासष्ट,
तेरा सक अठ्ठ्याहत्तर.
बाहेर स्टुलावर नसीमा, ताटलीत पाव,
खाते आहे, पण कान तिकडे.

"ती थांबली की मी दार ढकलायचं," ती म्हणाली.
"माझ्या वेळी ती बसते.
आमच्या लाइनवरच्या एकीचा भाऊ गेला ना, पलीकडे, उसगावला.
असाच गीझर. दार आतून बंद.
कळलंच नाही कोणाला, वास येत नाही त्याला."

पण तेराच का?
"बारापर्यंतचे झोपेतसुद्धा येतात, काका.
तेराला शुद्ध लागते."

इनास मेस्त्रीला मी त्याच दुपारी घेऊन आलो.
त्याने गीझर लावला, नुसता बघत उभा राहिला.
"उजो निळो जाय, बाब. हळडुवो न्हय."
नळीवर छापलेली तारीख अंगठ्याने पुसून दाखवली:
तीन वर्षांपूर्वीच संपलेली.
मग वर बघून म्हणाला, हांगा जनेल आशिल्लें मरे?

होतं. झरोका होता, वीतभर.
पारवे घरटं करायचे, घाण व्हायची,
म्हणून प्लायवूड ठोकून वरून सिमेंट फिरवलेलं.
सफाईदार काम. कडा तासलेल्या.
माझ्याच हातचं.

छिन्नी मी मागून घेतली. इनास नको म्हणत होता.
पहिल्या ढपलीबरोबर उजेड आला, मग पलीकडच्या
फणसाचा वास, मग कोणाच्या तरी कुकरची शिटी.
गीझर बाहेर, गच्चीच्या भिंतीवर गेला, झरोक्याला जाळी बसली,
नळी नवी, रेग्युलेटर नवा.
सगळा खर्च एका महिन्याच्या भाड्याइतकाही नाही.
इतक्या पैशांत मी काय वाचवत होतो
ते विचारणारं घरी कोणी नाही, बरं आहे.

नवीन करार जानेवारीत झाला.
अकरावं कलम: 'दरवर्षी तपासणी मालकाने करून घ्यावी,
कागद दाखवावा.'
टायपिस्टाने या खेपेला काही विचारलं नाही.
गौतमीने सही करण्याआधी ते दोनदा वाचलं,
पाकिटं तपासते तशी, उजेडाकडे धरून.

परवा प्रिश्का भेटली पुन्हा.
म्हटलं, आता नसतील म्हणत.
"म्हणतात तर!
तेराचा पाठ झाला असणार.
आता चौदाचा चाललाय."