टाकी भरेस्तोवर

कूलरची टाकी भरायला अकरा मिनिटं लागतात.
मे महिन्यात चौदा,
कारण अख्ख्या मानेवाड्यानं
त्याच वेळी पाइप लावलेला असतो.
ही चौदा मिनिटं माझी.
बाकीचा दिवस मी मीटर वाचतो.

सकाळी साडेसहापासून, ऊन चढायच्या आत,
दीडशे दारं, दीडशे आकडे.
कुठे जिन्याखाली, कुठे चपलांच्या रॅकमागे,
एका घरी तर देवघराच्याच वर मीटर,
आकडा टिपताना हात आपोआप जोडले जातात.
आकडा ऐकून कोणाचा चेहरा खुलला
असं सतरा वर्षांत झालं नाही.
"एवढं कसं काय भाऊ? दोन पंखेच त चालते!"

म्हणून दुपारी, गॅलरीत, कूलरकडे पाठ करून,
डोक्याला ओला दुपट्टा,
मी त्या पोराला धावायला सोडतो.

पोरगं कोणाचं, कुठलं, माहीत नाही.
लाल बूट, पाठीवर दप्तर, मागे कोणीतरी लागलेलं.
का लागलंय, विचारायचं नाही.
बोट वर नेलं की उडी, खाली ओढलं की घसरण,
आणि नाणी टपटप टपटप,
भिवापूरकडे पहाटे मोहफुलं पडतात तशी,
फक्त वेचायला वाकावं लागत नाही.

त्याचा रस्ता मला फार आवडतो.
खोदकाम तिथंही आहे,
पण उडी मारली की संपलं.
कुत्रं आहे, चावत नाही.
दार एकही नाही.
बेल दाबा, थांबा, पुन्हा दाबा,
"मीटरवाला!" म्हणून ओरडा, काही नाही.
वर कोपऱ्यात आकडा वाढत जातो,
भरभर, भरभर वाढत जातो,
आणि त्याचं बिल कोणालाच येत नाही.

बायको म्हणते, "पन्नाशीचे झाले न तुम्ही.
भेटते काय यातून?"
काही भेटत नाही, कुंदा.
तेच तर.

गेम टाकून दिला खालच्या तितरमाऱ्यांच्या श्रेयशनं.
चौथीत आहे. त्याचा विक्रम दोन लाख चौदा हजार.
माझा अडतीस हजार.
"काका, तुम्ही विचार करता," तो म्हणाला.
"पाहायचं अन् उडायचं. विचार करायचाच नाही."
मी मान हलवली.
त्यावर विचार केला.
मेलो.

काल पारा सेहेचाळीसच्या वर.
डिशच्या सावलीत कावळा चोच उघडी टाकून बसलेला.
अन् काल मला लय सापडली.
चाळीस हजार. पंचेचाळीस.
रस्ता इतक्या जोरात येऊन राहिला होता
की आपण कोणत्या गल्लीत राहतो, आठवेना.
अंगठा माझा नव्हताच,
तलावातला मासा वळतो तसा वळत होता.
पन्नास.
घाम डोळ्यात गेला, पुसला नाही.
चौपन्न.
तळपायाला गार लागलं, बरं वाटलं.
का लागलं, विचारलं नाही.

"ओ भाऊ! पाणी! पाणी!"

टाकी केव्हाचीच भरलेली.
टाकीतून गॅलरीत, गॅलरीतून पन्हाळीत,
पन्हाळीतून थेट खाली, तितरमारे बाईंनी
बाजेवर वाळत टाकलेल्या मूगवड्यांवर.

मी उठलो नाही.
खोटं कशाला बोलू, ऐकू आलं होतं.
ट्रक आला, टपावरून गेलो.
बोगदा आला, पोटातून गेलो.
एकसष्ट हजारांवर
एका साध्या, समोर दिसत असलेल्या खांबाला
जाऊन धडकलो.

मग नळ बंद केला. वाकून खाली पाहिलं.
बाई ओल्या वड्या परातीत भरून राहिल्या होत्या,
पदर कमरेला खोचलेला, कपाळाला आठी.
मी माफीचं तोंड केलं,
ते मला चांगलं जमतं.
त्यांनी वर पाहिलं.
"कितीवर मेले?"
"एकसष्ट."
बाईंनी परात खाली ठेवली,
आजूबाजूला पोट्टा नाही हे बघून घेतलं
आणि आवाज उतरवून म्हणाल्या,
"तिथं खांब येतेच.
उजवीकडून राहत जा."