चारांपैकी दोन

बाईमाणसाचा उजवा अंगठा घेतात, सिस्टर म्हणाली.
पण उजवा हात कोपरापर्यंत काळानिळा,
टम्म फुगलेला, बोट टेकवलं तर कातडीखाली कुरकुरणारा.
म्हणून डावा. आधी शाईच्या पॅडवर, मग संमतीपत्रावर.
चांगुणा नाखवा, वय बावन्न, ससून डॉक.
कोळंबीचा काटा लागला मंगळवारी.
आज शुक्रवार, पहाटेचे पावणेतीन.

टेबलावर घेताना म्हणाली, माजी पाटी तयाच रायली.
पुढे बोलायला श्वास पुरला नाही.

पोटॅशियम पाच पूर्णांक आठ.
म्हणजे ते जुनं, झटपट औषध नको;
ते स्नायूंना आधी थरथरवतं,
त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात सांडतं
आणि हृदय तिथल्या तिथे थांबू शकतं.
मी दुसरी कुपी घेतली.
वजन पंचावन्न धरलं. मोजलंय कुणी?

डाव्या मनगटाशी दोन इलेक्ट्रोड.
यंत्र चार ठोके देतं, अंगठा चारदा हलतो.
औषध भिनलं की तीन, दोन, एक, मग काही नाही.
पुस्तकात हे मिनिटात होतं.
मिनिट झालं. शाईचा अंगठा
चारही वेळा आत वळला,
कोळंबीचं डोकं मोडून साल मागे सारताना
वळत असेल तसाच.

दीड मिनिट. तीन.
रक्त इतकं हळू फिरतंय की औषध अजून वाटेत,
आणि जेवढं पोचलं तेवढ्याला
हे तापलेले स्नायू जुमानत नाहीत.
टाक नळी, सर म्हणाले.
थांबा सर, दोन हलतायत अजून.

मग थांबला. नळी गेली.

लोकांना वाटतं, हे औषध झोपवतं.
नाही. ते फक्त हालचाल काढून घेतं,
पापणीचीसुद्धा.
झोप वेगळी द्यावी लागते,
आणि ती मी आज चमच्याचमच्याने दिली,
कारण रक्तदाब सत्तर, आणि
तो झोपेच्या ओझ्याने बसला असता.
आत कुणी जागं असेल तर
ते सांगणार कशाने?

म्हणून कानाशी वाकले.
पलीकडे सर्जन कोपराच्या वर पोचले होते.
मावशी, म्हटलं, पाटी उचलून ठेवलीय तुमची,
बर्फ घातलाय वर.
खोटं. दुसरं सुचलं नाही.
नाडी एकशे अडतीसवरून एकशे तीस झाली.
सलाईनमुळे असेल.

पावणेसहाला पट्टी.
लघवीच्या पिशवीत दोन चमचे,
म्हणजे जे उशिरा आलं
ते आता लवकर जायचंही नाही.
आयसीयूत यंत्र पुन्हा लावलं. काही नाही.
सातला काही नाही.

नऊला ड्युटी संपली. बॅग खांद्याला, तरी वळले.
पहिल्या ठोक्याला वाटलं, माझाच हात हलला.
दुसऱ्याला नक्की ती.
सिस्टर शाई पुसायला स्पिरिटचा बोळा घेऊन आली;
राहू दे, म्हटलं.
केसपेपरवर लिहिलं: नऊ दहा, चारांपैकी दोन.
रक्तदाब ब्याण्णव.
मग झोपेचा पंप थोडा वाढवला.
आता परवडत होतं.