सवलत संपायला दोन तास

खांदशेकणीची रात्र. गावभर हळद-लोण्याचा वास
आणि माझ्या सेवा केंद्राच्या पडद्यावर
एक घड्याळ उलटं चालतंय:
दोन तास, चौदा मिनिटं, छत्तीस सेकंद.
सणासुदीची सवलत. संगणकाचं कुलूप
सत्तर टक्के स्वस्त.

माझा धंदाच बारीक अक्षरं वाचण्याचा.
पीक विम्याच्या फॉर्मखालची, सातबाऱ्याच्या कडेची,
चष्मा घरी विसरून आलेल्या अख्ख्या गावासाठी.
तशी मी खाली सरकत गेले, पार तळाशी,
तिथं राखेतल्या निखाऱ्यासारखी एक ओळ:
पुढच्या वर्षी पूर्ण भाव, खात्यातून आपोआप.

घाटंजीच्या बाजारात मन्नानभाई कुलपं विकतात.
कापूस वेचणीला घरं ओस पडली की त्यांचा भाव चढतो.
चोर हिंडतात तेव्हा कुलूप महाग, हे मला कळतं.
मग याच कुलपाला सणात सूट काहून?
मन्नानभाई म्हणाले, "बाई, मी कुलूप एकदाच विकतो.
हे दरसाल विकतेत."

दुपारी पंजाब डंभारेची लिंक आली होती:
पोळा स्पेशल, सगळं फुकट, वीस जणांना पाठवा,
खाली नंदीचं चित्र, शिंगांना बेगड.
दुसऱ्याच्या बांधावरची फुकट वैरण
जनावराला कळत नाही. मला कळायला पाहिजे.
लिंक दाबली नाही. कंपनीचा पत्ता हातानं टाइप केला,
एकेक अक्षर, तांदळातले खडे वेचावे तसं.

टेबलाशेजारी दोऱ्याला टांगलेली दोनशे पानी वही आहे.
गावाचे पासवर्ड.
लाख्या१२३. मोऱ्या१२३. हरण्या, पुढे थोरल्या पोराचं जन्मसाल.
मनकर्णाबाई ठमकेंकडे बैल नाही,
त्यांनी शेजाऱ्याचा टाकला.
उद्या तोरणाखाली हीच नावं
डफड्याच्या तालावर मोठ्यानं पुकारतील,
शिंगांना रंग, पाठीवर झूल,
गावाची अख्खी बँक मिरवत निघेल मारुतीच्या देवळाकडं.
गेल्या साली मला हसू आलं होतं.

घड्याळ शून्यावर आलं. थबकलं.
मग पुन्हा तीन तास.
शेवटचा नग, शेवटचा नग म्हणत
पिशवीतून आणखी एक काढावा, तसं.
मग मी निवांत घेतलं. दोन मशीनचं, एका सालाचं,
"आपोआप नूतनीकरण"समोरची खूण काढून.
कॅलेंडरवर पुढच्या श्रावणाला लाल गोल केला.

झाकायला निघाले तर दसरूभाऊ आत्राम दारात.
निराधारचे पैसे आले का बघायचं होतं.
म्हटलं, बसा, आधी तुमचं कुलूप बदलू.
नव्या कुलपानं सुचवलेला पासवर्ड त्यांनी डोळे बारीक करून पाह्यला:
अक्षरं, आकडे, टिंब, डॉलरची खूण.
"हे कोणाचं नाव होय?"
"कोणाचंच नाही."
"मंग ते मले काहून ओळखन?"

बांड्या मागच्या चैत्रात गेला.
गोठ्यात आता पुतण्याची मोटारसायकल असते.
पण त्या खात्यात बांड्या अजून उभा आहे,
एक-दोन-तीनच्या दाव्याला बांधलेला.
सोडा त्याला, हे माझ्या तोंडून निघेना.

"नाव नको," मी म्हटलं. "त्याचं असं काहीतरी सांगा
जे गावात कोणालेच ठाऊक नाही.
लांबलचक. एक अख्खं वाक्य."
दसरूभाऊ कितीतरी वेळ गप्प.
बाहेर कोणीतरी झूल झटकत होतं.
मग ते उठून माझ्या कानाशी आले.

इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. मधली जागा गाळून एकोणतीस.
पडद्यावर हिरवी पट्टी: मजबूत.
सवयीनं हात वहीकडे गेला,
पेनाचं टोपण उघडलं,
लावलं.

इथेही लिहीत नाही.