तीन थाऊ

अवधानला, आमच्या बोअरिंगच्या शेडमध्ये
शिरपूरचा भिकन एस्टीमचा ब्लॉक घेऊन आला,
गोणपाटात गुंडाळून, आजारी वासरू आणावं तसा.
यादी मोबाइलमध्ये. फोर्ज्ड पिस्टन, रेसचा कॅम,
बेअरिंग मात्र "कुठलेबी चालतील, ताई."

कितला पैसा शेतस तुनाजोडे?
त्यानं काढून टेबलावर ठेवले. मी मोजले नाहीत.
कॅम खोडला.
त्या पैशात चांगले रॉडबोल्ट लिहिले,
बेअरिंगचा अस्सल सेट, तेलाचा नवा पंप,
बॉनेट उघडून कुणाला दाखवता येत नाही असं सगळं.

तो हिरमुसला. चहावर साय धरली.
एप्रिल, पंचेचाळीस;
रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं.
मी आण्णांचा मायक्रोमीटर काढला,
डबीला अजून त्यांच्या तपकिरीचा वास.

पिस्टनला तीन थाऊ मोकळे ठेवीन, म्हटलं.
सकाळी गार इंजिन खडखडेल,
गल्लीतले म्हणतील, गेलं.
तू मनावर घ्यायचं नाही. लळिंगचा घाट चढेस्तोवर
धातू फुगून आपल्या जागी बसतो.

"आणि दोनच ठेवले तर?"

फळीवरचा एक पिस्टन मी त्याच्या हातात दिला,
बगलेला उभे ओरखडे,
दोन थाऊवर बसवलेला,
माझाच, पहिल्या वर्षीचा.

त्यानं बराच वेळ अंगठा फिरवला त्यावर.
मग विचारलं,
कॅम पुढल्या साली घेतला
तर हाच पंप चालेल ना?