चार हजार शहाण्णव

विनिपेगला बाहेर उणे एकतीस.
रेल्वे कामगारांच्या पेन्शन फंडात, रात्री दोनला,
ओरिसियानं बूट रेडिएटरपाशी उपडे ठेवले.
बस, दानिलो, म्हणाली. माझी शेवटची पाळी.
आज तुला तळ दाखवते.

(दानिलो हे नाव त्यांच्या युक्रेनीतही असतं.
पहिल्या दिवशी तिला वाटलं, मी त्यांच्यातलाच.
माझी आई लावागची, फिलिपिन्सची, म्हटल्यावर
खो खो हसली, आणि डब्यातलं अर्धं
माझ्याकडे सरकवलं तरीही.)

तुला टेबल दिसतं. ओळी, रकाने,
कोण कधी जन्मलं, कुणाला महिना किती डॉलर.
खाली टेबल नसतं रे.
खाली एक फाइल असते, सरळसोट,
आणि तिला ओ की ठो कळत नाही.

जुन्या फाइली जरा तरी जाणत्या:
एकीला किल्ली ठाऊक, एकीला आल्याचा क्रम,
एकीला नुसते जागांचे आकडे.
हिला नोंद कुठे सुरू झाली विचार,
ताकास तूर लागू देणार नाही.
मुळात तिच्याकडे ताकच नाही.
चार हजार शहाण्णव बाइट मोजते. एक पान.
पुन्हा चार हजार शहाण्णव.

आणि इंडेक्स? मी विचारलं.

तीही तसलीच फाइल, फक्त नाव वेगळं.
झाड म्हणायचं ते आपण, वरून.
मूळ वर, फांद्या मधे, आणि अगदी खालच्या पानावर
सभासद क्रमांक, त्याच्यापुढे पत्ता:
इतक्यावं पान, इतकवी जागा.
आमच्याकडे लिस्त म्हणजे झाडाचं पान,
लिस्त म्हणजे पत्रसुद्धा. आई दोन्ही वाळवून ठेवायची.

मग तिनं स्वतःचा क्रमांक टाइप केला.
हे नियमात बसत नाही, तिला ठाऊक होतं.
स्क्रीनभर सोळाच्या पाढ्यातले आकडे.
इंडेक्सनं सांगितलेल्या जागी ती नव्हतीच,
होती फक्त चिठ्ठी: पुढे जा, अमुक पान.

वडील ट्रान्सकोनाच्या वर्कशॉपात लागले
तेव्हा मुकादमाच्या जिभेवर हालाबुर्दा ठरेना.
त्यानं हॉल लिहिलं. चाळीस वर्षं हॉल.
मीही हॉल म्हणूनच लागले इथे.
ते गेले त्या वसंतात कचेरीत जाऊन
मी पुरं आडनाव परत घेतलं.
पाच अक्षरं वाढली. पान भरलेलं.
मला उचलून दूर ठेवलं, कुठल्यातरी परक्या पानावर,
आणि जुन्या जागी ही चिठ्ठी.

बोट ठेवून वाचलं तिनं:
सी-आठ, सी-एक, डी-तीन.
इथवर दोन्ही नावं एकच बघ.
चौथ्या बाइटला वाटा फुटतात.

अडीचला रीऑर्ग सुरू केलं.
सगळ्या ओळी उपसल्या जातात, क्रमानं लावून
शेजारच्या नव्या फाइलीत भरल्या जातात,
शेवटी क्षणभर दार बंद, आणि अदलाबदल.
फाइलीच्या लांबलचक नावात एका जागी
आय होता, तिथे जे आला.
एवढाच फरक. पेन्शन घेणाऱ्या
नव्वद हजारांपैकी कुणाचीही झोप मोडली नाही.

तिनं पुन्हा क्रमांक टाकला.
चिठ्ठी गेली होती.
हालाबुर्दा, आपल्या पानावर,
मागे एक ब्रेकमन, पुढे एक विधवा,
क्रमांक लागून होते म्हणून शेजारी.

ती काहीच बोलली नाही बराच वेळ.
मी पानाच्या मधल्या शून्यांकडे बोट दाखवलं.
इतकी जागा वाया का?

दहा टक्के, म्हणाली. मीच ठेवायला लावलेत.
वर साहेब डिस्कचा खर्च काढून भांडतात दर वर्षी.
भांडू देत. तू कमी करू नकोस.

बूट अजून ओलेच होते. तिनं तसेच घातले.
लिफ्टपाशी वळून ओरडली,
गाडीची वायर प्लगमधून काढ हं निघताना,
गेल्या आठवड्यात तशीच ओढत नेलीस.