तांदळाच्या दाण्याएवढं

दुपारी दोन ते चार आमच्या सावरबोडीत लाइन नसते,
म्हणून तीच वेळ धरली.
गोधडीवर पालथा घातला त्याला,
तेल लावायला लेकरू घालतात तसा.
बाहेर उत्पन्नाच्या दाखल्याला आलेली माणसं
चिंचेखाली सरकली,
"होऊ द्या जी, आमाले घाई नाई."

सगळं एकाच अंगात असलेला संगणक.
पडदा तोच, पेटी तीच, आवाजही त्याच्याच पोटातून.
एक दुखलं की सगळ्यालाच निजवावं लागतं.
कंपनीचा पोरगा फोनवर म्हणाला, नवीनच घ्या मॅडम.
नवीन म्हणजे चाळीस हजार.
हा प्रोसेसर नागपूरहून आला सोळाशेत, वापरलेला,
चष्म्याच्या डबीत, स्पंजात गुंडाळून.
नंबराच्या शेवटी टी असलेलाच घ्या, दुकानदाराने बजावलं होतं,
एवढ्या चपट्या घरात तापट जावई निभत नाही.

खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली वीज उतरवली.
टॉर्च धरायला देवाजी बोपचे, राईस मिलचे फिटर.
जुन्या एटीएम कार्डाने कड उचकली.
टक.
टक.
प्रत्येक टकीला वाटलं, मोडलं.
पाठ निघाली, आणि पंख्यात
बोटभर जाडीचा पिवळट थर.
देवाजी वाकले, चिमटीत घेऊन चोळलं.
"हे तं आमच्याच मिलचं तूस,"
म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

चार स्क्रू, तिरपे तिरपे सोडायचे.
तांबं उचललं. खालचा लेप वाळून खपली झालेला,
नर्सबाईंकडून आणलेल्या स्पिरिटने पुसला.
तरफ वर. जुना निघाला,
बोटाच्या दोन पेरांएवढा.

नऊ वर्षं ह्याच्यातून गेले
जातीचे, रहिवासाचे, नॉन-क्रिमिलेअरचे दाखले,
पोलीस भरतीचे सहा अर्ज, लागला एकच,
सयत्राबाई मेश्रामचा निराधारचा अर्ज, तीनदा.
आणि ह्याच्या लक्षात काही नाही.
लक्षात ठेवणं दुसऱ्याकडे. ह्याने फक्त
करायचं आणि पुढे ढकलायचं.
मला जरा ओळखीचं वाटलं.
चष्म्याच्या डबीत ठेवला त्याला, नव्याच्या जागी.

नव्याच्या कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण,
तो जुळला की आपणच बसतो.
जोर लावायचा तो तरफेला,
तेव्हा करकरतं, आधी तिथे आणि मग छातीत.

मग लेप. वहीत लिहून घेतलं होतं:
तांदळाच्या दाण्याएवढा.
"कोन्त्या तांदळाच्या?" देवाजी.
"एचएमटीच्या का जय श्रीरामच्या?
का राशनच्या जाड्याच्या?"
मी हसले नाही. प्रश्न बरोबर होता.
त्यांच्याच खिशातून निघाले तीन दाणे,
तळहातावर शेजारी शेजारी ठेवले,
आणि आम्ही दोघांनी, टॉर्चच्या उजेडात,
मधला ठरवला.

चार वाजून दहा मिनिटांनी लाइन आली.
पंखा फिरला. पडदा काळाच.
चिंचेखालून कोणीतरी, "झालं का जी?"
पुन्हा पालथा.
रॅमची पट्टी अर्धीच बसली होती.
ह्या वेळी टक ऐकून बरं वाटलं.

मग उजेड, आणि नवा नंबर, शेवटी टी.
दोन स्क्रू उरले. देवाजी म्हणाले, उरतातच,
आणि मिलकडे निघाले, दाराशी थांबून
आमच्या खिडकीकडे एकदा बघून.

पहिला नंबर सयत्राबाईचा.
पूर्वी पान उघडेपर्यंत
लेकीचं व्हायचं, गुडघ्याचं व्हायचं,
कधी कधी रडूनही व्हायचं.
आज ती टेकते न टेकते तोच दाखला तयार.
"इतल्यात झालं?" तिने विचारलं,
जरा रुसूनच.

बसा जी, म्हटलं,
प्रिंटर जुनाच आहे.