हवेचा विरोध दुर्लक्षित करा

रात्रशाळेच्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक उदाहरणाखाली
बारीक अक्षरांत ही ओळ असते.
पहिल्यांदा वाचली तेव्हा मागच्या बाकावरून
नेल्सन वेन्चूर खो खो हसला.
एकसष्ट वर्षांचा, हयात मेंढ्या कातरण्यात गेलेली.
म्हणाला, सर, हे लिहिणारा माणूस
पुन्ता अरेनासला आलेला दिसत नाही.
खिडकीची काच चौकटीत
दात वाजवत होती.

व्रसालोविच सर पोरसवदा,
माझ्या थोरल्याहून दोनच वर्षांनी मोठे.
फळ्यावर तिरपा बाण काढतात,
मग त्याच्या पोटातून दोन बाण,
एक आडवा, एक उभा.
म्हणतात, आडव्याला उभ्याची खबर नसते.
कड्यावरून फेकलेला दगड पुढे जातो तो हिशेब वेगळा,
खाली पडतो तो वेगळा,
दोघांत सामाईक फक्त वेळ.
मी हे वहीत उतरवलं
आणि नको तेव्हा घर आठवलं:
ओस्वाल्दो गॅसच्या जहाजावर, सामुद्रधुनीच्या तोंडाशी,
मी खेकड्यांच्या कारखान्यात, कवचं फोडत.
सामाईक फक्त वेळ.

माझं उत्तर ऋण येतं. दर वेळी.
सर म्हणतात, ओर्फेलिना, ही चूक नव्हे.
दिशा तुम्ही ठरवली होती,
वस्तूने ती मानली नाही, एवढंच.

मधल्या सुट्टीत नेल्सन विचारतो,
घर्षणच नसेल तर उतारावर मेंढरू उभं कसं राहील?
सर खडू खाली ठेवतात.
राहणार नाही, म्हणतात. घसरेल.
कुठवर?
गणितात? कायमच.
नेल्सन बराच वेळ गप्प.
त्याला बहुतेक ते मेंढरू दिसत असावं.

ऊर्जेचा धडा आला त्या रविवारी
मी घरभर वस्तुमानं शोधत हिंडले.
किटली, इस्त्री, झोपलेलं मांजर.
आणि कपाटावर आईची ट्रंक,
चिलोए बेट सोडताना तिने आणलेली,
ती गेल्यापासून तशीच.
मी सात वर्षांची असताना
तिला ती धक्क्यावरून उचलताना पाहिलं होतं,
मानेच्या शिरा ताठ, ओठ मिटलेले.
म्हणून बावीस किलो धरले.
उंची एक मीटर नव्वद, टेप लावून मोजली.
चारशे नऊ पूर्णांक चौसष्ट ज्यूल.
खाली दोन रेघा मारल्या.
इतकं काम आमच्या डोक्यावर
कित्येक वर्षं साठून आहे,
आणि आम्ही त्याखाली कपडे घडी करतो.

परीक्षा ऑक्टोबरात, वाऱ्याच्या ऐन दिवसांत.
नगरपालिकेने चौकातल्या कोपऱ्यांवर दोर बांधले होते.
नेल्सन पुढे, मी मागे,
दोर धरून, तिरपे होऊन निघालो.
पेन्सिली दातांत.
एक बाई तर छत्रीशी भांडण मिटवून
छत्री सोडूनच देत होती.

पाचवा प्रश्न: पंचेचाळीस मीटर उंच मनोऱ्यावरून दगड सोडला.
सगळ्यांनी तीन सेकंद लिहिले.
नेल्सनने लिहिलं: तीन सेकंद, पण इथे नाही.
सरांनी अर्धा गुण कापला
आणि समासात, पेन्सिलीने, बरोबरची खूण केली.

मला सत्तरपैकी एकावन्न.
ओस्वाल्दोला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, काय?
तिकडेही वारा होता.

त्या रात्री स्टुलावर चढून
मी ट्रंक खाली घेतली.
पाय रोवले, श्वास धरला, बावीस किलोची तयारी केली,
आणि ती इतक्या सहज हातात आली
की मीच मागे कलंडले, कपाटाला आपटले.
नऊ किलोही नसेल.
आत दोन लोकरी चादरी, एक बिनजोडीचा मोजा,
आणि खूपसं काहीच नाही.

जमिनीवर बसून पुन्हा हिशेब मांडला.
सूत्र बरोबर होतं. उंची बरोबर होती.
मग तिच्या मानेच्या त्या शिरा?
धक्क्यावर त्या दिवशी
तिच्या हातात आणखी काय होतं,
जे मी धरलंच नाही.